कुत्र्याच्या अंगावरचं जाकीट आणि यजमानांचं एक वाक्य

प्रश्न : इंदूरला राजेंद्रनगरात आमचं छोटंसं उपाहारगृह आहे. सकाळी पोहे, पुढे दिवसभर साबुदाण्याची खिचडी, थालीपीठ, मिसळ. काही वर्षं अमेरिकेत राहून परतलेले एक गृहस्थ आपला लॅब्रेडोर घेऊन येतात. कुत्र्याच्या अंगात लाल जाकीट, त्यावर इंग्रजीत ‘सर्व्हिस डॉग’. दोनदा आम्ही काही बोललो नाही. तिसऱ्या वेळी त्या कुत्र्याने शेजारच्या टेबलावर पाय ठेवून एका लहान मुलाच्या खिचडीत तोंड घातलं. पोर घाबरून रडू लागलं, बाकीचे लोक उठले. कुत्रा बाहेर न्या म्हटलं तर त्यांनी कुत्र्याच्या फोटोचं कार्ड पुढे केलं. माझे यजमान रागाच्या भरात म्हणाले, “कार्ड कसलं दाखवता, तुम्ही कुठे आंधळे आहात?” हे सगळं त्यांनी मोबाईलमध्ये टिपलं. आता वकिलाची नोटीस आली आहे : त्यांना चिंताविकार आहे, आम्ही दिव्यांगाचा जाहीर अपमान केला, पंधरा दिवसांत लेखी माफी आणि पाच लाख भरपाई द्या, नाहीतर दिव्यांगजन कायद्याच्या कलम ८९ आणि ९२ खाली कारवाई. दीर म्हणतात, खोट्या दिव्यांगाची उलट केस ठोका. यजमान म्हणतात, दारावर ‘कुत्र्यांना सक्त मनाई’ अशी पाटी लावू. काय करावं?

उत्तर : ताई, नोटीस मी दोनदा वाचली. कुत्रा बाहेर काढला त्याची काळजी करू नका. काळजी आहे ती तुमच्या यजमानांच्या वाक्याची. पण आधी त्या कार्डाकडे बघू, कारण तुम्ही सगळे त्यालाच घाबरलेले दिसता.

कार्डावर ‘अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने संरक्षित’ अशा अर्थाची ओळ आहे. अशी कार्डं आणि जाकिटं इंटरनेटवर पैसे भरून कोणालाही मिळतात, कुत्र्याला साधं ‘बस’ म्हटलेलं कळत नसलं तरी. खुद्द अमेरिकेत या कार्डाला कायद्याने काडीची किंमत नाही. तिथल्या १९९० च्या दिव्यांग कायद्याखाली सर्व्हिस डॉग म्हणजे दिव्यांग व्यक्तीसाठी विशिष्ट काम शिकवलेला कुत्रा. अंध माणसाला वाट दाखवणं, बहिऱ्या माणसाला दारावरची घंटा कळवणं, फेफरं येणाऱ्याला सावध करणं, ही अशी कामं. मनाच्या आजारासाठीही असा कुत्रा असू शकतो. युद्धावरून परतलेल्या सैनिकाला दुःस्वप्नातून जागं करायला शिकवलेला कुत्रा त्यात बसतो. पण नुसतं जवळ बसून धीर देणारा कुत्रा, मालकाला त्याचा कितीही आधार वाटत असला तरी, त्यात बसत नाही. सरकारी नोंदणी नाही, दाखला नाही. म्हणूनच तिथल्या हॉटेलवाल्याने कागद मागायचा नसतो. त्याला दोनच प्रश्न विचारता येतात : दिव्यांगत्वामुळे हा कुत्रा लागतो का, आणि त्याला काय काम शिकवलं आहे? आणि कुत्रा आवरत नसेल, मालकही त्याला आवरत नसेल, तर खराखुरा सर्व्हिस डॉगसुद्धा बाहेर काढता येतो. खिचडीत तोंड घालणारा लॅब्रेडोर न्यू जर्सीतही दाराबाहेरच गेला असता.

तिथे ही लबाडी इतकी वाढली की काही राज्यांनी तिच्यासाठी वेगळी शिक्षा ठेवली. कॅलिफोर्नियात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार डॉलरपर्यंत दंड. फ्लोरिडात कैद आणि दंडाशिवाय दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्थेत तीस तास सेवा. विमान कंपन्याही कंटाळल्या होत्या. २०२१ च्या जानेवारीपासून तिकडे भावनिक आधाराच्या प्राण्यांना सर्व्हिस डॉग मानण्याचं त्यांच्यावरचं बंधन गेलं. म्हणजे हे गृहस्थ तिकडे मोडीत निघालेलं नाणं इकडे चालवू पाहताहेत.

आता आपल्याकडचं. दिव्यांगजन अधिकार अधिनियम, २०१६ यात सर्व्हिस डॉग हा शब्दच नाही. पण त्यावरून ‘मग आम्हाला काही बंधन नाही’ असं समजू नका. कलम ३ दिव्यांग व्यक्तीशी भेदभाव करायला मनाई करतं. ज्या आंतरराष्ट्रीय करारामुळे हा कायदा झाला, त्यावर भारताने २००७ साली शिक्कामोर्तब केलं आणि त्यात वावरायला मदत करणाऱ्या ‘सजीव साहाय्या’चा स्पष्ट उल्लेख आहे. उद्या एखादी अंध बाई शिकवलेल्या कुत्र्यासोबत तुमच्या दारात आली आणि तुम्ही ‘कुत्रा चालणार नाही’ म्हणून परत पाठवलंत, तर मी तुमचं वकीलपत्र घ्यायच्या आधी विचार करीन. त्याच कलम ३ मध्ये पुढे असंही आहे की वाजवी उद्देशासाठी, त्या उद्देशाला शोभेल इतपतच केलेली कृती भेदभाव ठरत नाही. तुमचा बचाव इथे आहे.

आणि तो भक्कम आहे. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या परवाना-नोंदणी विनियमांच्या चौथ्या परिशिष्टात, खाद्यपदार्थांच्या जागेत जनावरं, पक्षी, पाळीव प्राणी येऊ देऊ नयेत असं सरळ लिहिलं आहे. अस्वच्छ परिस्थितीत अन्न तयार केलं तर अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५६ खाली एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. स्वच्छतेच्या क्रमांकावर जगणाऱ्या आपल्या गावात हे वेगळं सांगायला नको. तुम्ही त्या गृहस्थांना हाकललं नाही, बशीत तोंड घालणारा कुत्रा बाहेर न्यायला सांगितलं. ‘तुम्ही बसा, खिचडी घ्या, कुत्रा बाहेर बांधा’ असं कोणी म्हटलं होतं का? म्हटलं असेल तर उत्तरात ते आलंच पाहिजे. नसेल म्हटलं, तर आता म्हटल्याचं दाखवू नका. समोर व्हिडिओ आहे.

आधी दोनदा येऊ दिलं म्हणून काही वहिवाट पडत नाही. उलट तिसऱ्या वेळी तुम्ही काहीच केलं नसतं आणि कुत्रा त्या पोराला चावला असता, तर मुलाचे वडील मालकाबरोबर तुम्हालाही विचारायला आले असते. जनावर निष्काळजीपणे सांभाळल्याबद्दल मालकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. पण ‘माहीत असून का बसू दिलं’ हा दिवाणी प्रश्न तुमच्या गल्ल्यापाशी येऊन थांबला असता.

पाच लाख हा आकडा कुठून आला, याची मला गंमत वाटली. कलम ८९ वाचून घेतलेला दिसतो. त्यात पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत दंड आहे. पुन्हा पुन्हा केलं तर पन्नास हजार ते पाच लाख. तोही दंड, म्हणजे सरकारात जमा होणारा. कोणाच्या खिशात जाणारी ती भरपाई नव्हे. वकीलबंधूंनी शेवटची ओळ आधी वाचली असावी.

आता ते वाक्य. कलम ९२ म्हणतं, लोकांसमोर, अपमान करण्याच्या हेतूने दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून हिणवलं किंवा धमकावलं, तर कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद, शिवाय दंड. तुमच्या प्रकरणात ते लागेल असं मला वाटत नाही. हे गृहस्थ कायद्याच्या अर्थाने दिव्यांग आहेत हे त्यांना आधी सिद्ध करावं लागेल, मग हेतू. चिडलेल्या माणसाच्या तोंडून निघालेला एक प्रश्न आणि ठरवून केलेली मानहानी यांत कोर्ट फरक करतं. तरीही ते वाक्य वाईट आहे आणि व्हिडिओत ते ऐकू येतं. कायद्याच्या यादीत एकवीस प्रकार आहेत. ऑटिझम, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, मानसिक आजार हे सगळे त्यात आहेत. यांतला एकही माणूस गल्ल्यावरून बघून ओळखता येत नाही. चिंताविकार आहे म्हणणारा माणूस खोटंच बोलतोय असंही तुम्ही आणि मी धरून चालू शकत नाही. कार्ड विकतचं आणि आजार खरा, असं असू शकतं. तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की कुत्र्याबद्दल काय हवं ते विचारा, माणसाच्या डोळ्यांबद्दल नको.

म्हणून उत्तर द्यायचं. अशा नोटिशीला उत्तर द्यायची सक्ती नसते, पण गप्प बसलं की पुढे ‘तेव्हा का नाही बोललात’ हा प्रश्न येतो. वकिलामार्फत, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. त्यात घटना जशी घडली तशी लिहा. अन्नसुरक्षेचा विनियम लिहा. कुत्र्याला बाहेर न्यायला सांगण्याचं कारण फक्त त्याचं वागणं होतं, हे लिहा. आणि मग एक वाक्य : त्या वेळी उच्चारलेल्या शब्दांमुळे मन दुखावलं असल्यास आम्हाला खेद आहे, आमच्या कोणत्याही हक्काला बाध न येता. लक्षात घ्या, खेद. माफी नाही, भरपाई नाही. तुमच्या यजमानांना हे वाक्य गिळायला जड जाईल. पण प्रकरण भोपाळला दिव्यांगजन आयुक्तांपुढे गेलं, तर ही एक ओळ माझ्या दहा युक्तिवादांपेक्षा जास्त काम करील.

उत्तरात आणखी एक गोष्ट मागायची : ते कोणत्या प्रकारचं दिव्यांगत्व सांगतात, त्याचं सक्षम अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे का, आणि कुत्र्याला कोणतं काम शिकवलं आहे. टेबलापाशी, चार लोकांत, दिव्यांगत्वाचे कागद कधीही मागायचे नाहीत. पण ज्याने वकिलामार्फत हक्क सांगितला, त्याला वकिलामार्फत आधार विचारायला काही हरकत नाही. माझा अंदाज आहे की इथेच नोटिशीची हवा जाईल.

दिरांच्या उलट केसचं मात्र विसरा. दिव्यांगजन कायद्याचं कलम ९१ त्यांनी कोणाकडून तरी ऐकलेलं दिसतं. दिव्यांगांसाठी ठेवलेला लाभ लबाडीने उपटणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, हे खरं. पण ते चाळीस टक्के आणि त्यावरच्या दिव्यांगत्वासाठी राखलेल्या लाभांबद्दल आहे. नोकरी, प्रवेश, सवलती. खानावळीत कुत्रा आणणं त्यात ओढूनताणूनच बसेल. बनावट दस्तऐवजाचा गुन्हाही जमणार नाही, कारण कार्ड त्या वेबसाइटनेच दिलेलं आहे. त्यावर बनावट सही नाही, फक्त त्याला अर्थ नाही. कुत्र्याला खोटंच सर्व्हिस डॉग म्हणवणं, एवढ्यासाठी फ्लोरिडासारखं वेगळं कलम आपल्याकडे नाही. उगाच पोलिसांत गेलात तर समोरच्यालाच ‘दिव्यांगावर केस केली’ म्हणायला मिळेल.

पाटी लावा, पण सक्त मनाईची नको. तुमचं गिऱ्हाईक निम्मं हिंदीवालं, तेव्हा हिंदीतच लिहा : ‘पालतू पशु अंदर न लाएँ। दिव्यांगजन के प्रशिक्षित सहायक श्वान का स्वागत है।’ गल्ल्यावरच्या मुलाला दोन प्रश्न शिकवून ठेवा : ‘हा कुत्रा तुमच्या मदतीसाठी आहे का? काय मदत करतो?’ अमेरिकेतलेच, पण शहाणपणाचे आहेत आणि त्यांत आजाराचं नाव विचारलं जात नाही. उत्तर पटलं नाही तरी वाद नको, कुत्र्याकडे बघा. शिकवलेला कुत्रा खुर्चीखाली पडून राहतो, बशीकडे ढुंकून बघत नाही. भुंकला, उडी मारली, टेबलावर आला की सौम्यपणे बाहेर न्यायला सांगा आणि माणसाला बसायचा आग्रह करा. पार्सल बांधून देतो म्हणा. हे सगळं कॅमेऱ्यासमोर घडलं तर उत्तमच.

कॅमेऱ्यावरून आठवलं. घटनेला नऊ दिवस झाले असं तुम्ही लिहिता. छोट्या दुकानांतले डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारी यंत्रं, जुनं चित्रण पुसून त्यावरच नवं घेतात, कोणाचं पंधरा दिवसांत, कोणाचं आठच. बशीत तोंड घातल्याचा तुकडा गेला तर राहील फक्त त्यांचा व्हिडिओ, आणि तो यजमानांच्या वाक्यापासून सुरू होतो. ज्याने कॅमेरे बसवले त्याला आजच बोलवा, त्या दिवसाचं पूर्ण चित्रण पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, मूळ डीव्हीआरला हात लावू नका आणि चित्रण कोणी, कधी, कशातून उतरवलं ते लिहून त्याची सही घ्या. असं चित्रण कोर्टात पुरावा म्हणून द्यायला लागणारं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र त्यावरून मला करता येईल. मुलाच्या वडिलांचा फोन नंबर असेल तर तोही द्या, पण त्यांना अजून काही सांगू नका.