कंटेनर सांभाळणाऱ्या एआय एजंटसाठी टूलचं वर्णन कसं लिहावं?

कंटेनर (डॉकरमध्ये अ‍ॅप चालवणारा वेगळा कप्पा) थांबवायला सांगितला की तुमचा एजंट कधी स्टॉप, कधी किल, तर कधी थेट रिमूव्ह वापरतो. दोष बहुधा टूल्सच्या वर्णनांचा आहे, म्हणजे कोणतं टूल काय करतं हे मॉडेलला सांगणाऱ्या मजकुराचा. 'कंटेनर थांबवते' आणि 'कंटेनर बंद करते' यातून माणसालाही फरक कळणार नाही.

डॉकरचा स्टॉप आधी सिगटर्म (नीट बंद हो असा संकेत) पाठवतो, एरवी 10 सेकंद वाट बघतो आणि मगच सिगकिल (ताबडतोब बंद पाडणारा संकेत). किल थेट सिगकिल पाठवतो. आत डेटाबेस चालू असेल तर हा फरक महागात पडतो. म्हणून स्टॉपसाठी असं लिहा:

'चालू कंटेनर नीट बंद करते. कंटेनर आणि त्यातल्या फाइल्स तशाच राहतात, पुन्हा सुरू करता येतो. कायमचा काढायचा असेल तर हे टूल वापरू नका, रिमूव्ह वापरा.'

शेवटचं वाक्य अजिबात गाळू नका, दोन सारख्या टूल्समधली निवड करायला मॉडेलला त्याची मदत होते. रिमूव्हमध्ये कंटेनरच्या आत लिहिलेला डेटा जातो, नाव दिलेले व्हॉल्यूम (कंटेनरबाहेर डेटा ठेवायच्या जागा) मात्र राहतात, हेही स्पष्ट सांगा.

लॉगच्या (कंटेनरमधल्या नोंदींच्या) टूलला ओळींची मर्यादा द्या, नाहीतर सगळा लॉग मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये (ते एका वेळी वाचतं त्या मजकुरात) ओतला जातो. आणि पॅरामीटरमध्ये कंटेनरचं नाव हवं की इमेजचं (ज्या साच्यापासून कंटेनर बनतो त्याचं), ते उदाहरणासकट लिहा. इथे मॉडेल हमखास गोंधळतं.