घराबाहेरच्या लाकडावरच्या बॉयलरला आणि जळणाला शेड कशी बांधावी?

तापोळ्याच्या रस्त्याला तुमचं चार खोल्यांचं निवास आहे, पाहुण्यांच्या आंघोळीसाठी घरामागे लाकडावरचा बॉयलर बसवलाय, आणि मृगाच्या आत त्याला व जळणाला मिळून एक शेड करायची आहे. ती केवढी, कशाची, आणि लाकडं बॉयलरला खेटून ठेवली तर चालतील का, असं तुम्ही विचारलंय. मी मेढ्याकडे पत्र्याच्या शेडची कामं करतो, त्यातली बरीच जावळी आणि महाबळेश्वर तालुक्यातली. माझं मत आधी सांगतो: शेड जळणाला धरून आखा. बॉयलरच्या अंगावर चार थेंब आले तरी तो तापतो. लाकूड भिजलं तर पहाटे पाहुणे टॉवेल घेऊन उभे आणि तुम्ही धुरात फुंकणी फुंकताय, असं रोज होईल.

कारण साधं आहे. वाळलेल्या एक किलो लाकडातून साधारण 15 मेगाज्यूल उष्णता मिळते. त्याच वजनाच्या ओल्या लाकडात निम्मं पाणीच असेल तर उष्णता जवळपास निम्म्यावर येते, कारण आधी ते पाणी उकळून बाहेर घालवावं लागतं. वर त्या थंड, ओलसर धुराचा डांबरासारखा चिकट थर चिमणीत आतून धरतो. तो साचला की चिमणी चोंदते, आणि एखाद्या दिवशी पेटतेही.

आता किती जळण लागेल ते पाहू. दहा माणसांना मिळून 300 लिटर पाणी 20 अंशांवरून 45 अंशांवर न्यायला सुमारे 31 मेगाज्यूल लागतात. निम्मी उष्णता चिमणीवाटे गेली असं धरलं तरी चार-साडेचार किलो वाळकं लाकूड पुरतं. पण रोज सकाळी थंड बॉयलर पेटवायचा, पाइपात गारठा, संध्याकाळी पुन्हा कोणी पाणी मागणार, म्हणून दिवसाला 8 किलो धरा. पावसाळ्याचे चार महिने म्हणजे जवळपास एक टन. नीट रचलं तर एवढं लाकूड 10 फूट लांब, 4 फूट उंच आणि 2 फूट रुंद जागेत बसतं. माझ्या हिशेबाने 20 फूट लांब आणि 7 फूट रुंद शेड पुरेल: दहा-अकरा फूट जळणाला, आठ फूट बॉयलरला, मध्ये आडभिंत. लाकडं बॉयलरला खेटून अजिबात नकोत. निदान चार फूट अंतर आणि शिवाय ती भिंत. तुमच्याकडे जांभ्याचा चिरा सहज मिळतो, त्याचीच आडभिंत छपरापर्यंत घ्या. बॉयलरजवळ फक्त त्या दिवसाचं जळण, तेही तोंडासमोर नको, बाजूला लोखंडी मांडणीवर. तिथल्या उबेने ते आणखी कोरडं होतं.

तोंड कुठे करायचं यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो सरळ पडत नाही, पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो. माण-खटावला 500 मिलिमीटरच्या आसपास पावसात चार खांबांवर पत्रा टाकला की काम झालं. तिथलं बघून तुमच्याकडे शेड करू नये. तुमच्या शेडची पाठ पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला हवी, तोंड पूर्वेला. छपराला एकच उतार द्या, खालची बाजू पश्चिमेला म्हणजे वारा छपरावरून घसरून जाईल. सात फुटांत अडीच फूट उतार ठेवा. पूर्वेकडे पत्रा दोन-अडीच फूट पुढे काढा, कारण बॉयलरचं तोंड उघडून लाकूड सारणारा माणूसही कोरडा राहायला हवा. पश्चिमेच्या वळचणीला पन्हळ लावून पाणी लांब सोडा, नाहीतर ते जोत्याखाली मुरतं.

पश्चिमेची भिंत पूर्ण बंद करू नका. खाली वीतभर आणि वर छपराखाली वीतभर फट ठेवा, वरच्या फटीला बाहेरून पत्र्याची झडप आडवी द्या. झड अडते आणि वारा फिरतो. महाबळेश्वरला पावसाळ्याआधी घरांना वाळक्या गवताचं आच्छादन बांधायची जुनी रीत आहे. घराच्या भिंतींना ते उत्तमच आहे, पण या शेडला चुकूनही बांधू नका. एक ठिणगी पुरेल.

खांब लोखंडी चौकोनी पाइपाचे घ्या, दोन फूट खोल काँक्रीटमध्ये पुरा. पुढून उघड्या शेडमध्ये वारा शिरून पत्रा उचलतो, म्हणून कडेच्या पत्र्यांना बोल्ट जास्त मारा. बोल्ट पन्हाळीत मारायचा नाही, पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा. उजेडासाठी प्लॅस्टिकचा पारदर्शक पत्रा हवा असेल तर तो जळणाच्या बाजूला टाका, चिमणीपासून दूर.

चिमणी सरळ वर छपरातून काढा. वळणं जितकी कमी तितकी काजळी कमी. छपराच्या वर निदान 3 फूट गेली पाहिजे, आणि दहा फुटांच्या आत घराचं आढं येत असेल तर त्याहून 2 फूट उंच. नाहीतर धूर घराच्या आडोशाला घोटाळून पाहुण्यांच्या खिडकीत शिरतो. पत्रा जिथे कापाल तिथे चिमणीभोवती पत्र्याचा कोन बसवा, त्याच्या वर चिमणीलाच कॉलर. रबराचे वायसर तिथे वितळतात. चिमणीपासून दीड फुटाच्या आत लाकडी वासा किंवा रीप ठेवू नका. वर टोपी, आणि तारेचे तीन ताण.

जळणाबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. जुलैत तुमच्याकडे धुकंच एवढं असतं की कितीही चांगल्या शेडमध्ये लाकूड वाळत नाही. मे अखेर ते जितकं वाळलंय, तितकंच टिकवता येतं. म्हणून लाकडं डिसेंबर-जानेवारीतच मनगटाएवढी फोडून उन्हात टाका, मेमध्ये शेडखाली घ्या. आपल्याकडे शेणींचा हुडवा रचून वरून लिंपतात, तसं लाकडाचं करू नका. ताडपत्रीत चारी बाजूंनी गुंडाळलेलं लाकूड आतून घामटतं आणि बुरशी धरतं. खाली विटांवर आडवे पाइप टाकून थर जमिनीपासून सहा इंच उचला, दोन ओळींत बोटभर जागा सोडा, भिंतीपासूनही हात शिरेल इतकं अंतर ठेवा. वाळवी कमी लागते, आणि फुरसं किंवा विंचू बसला तर दिसतो. पहाटे अंधारात लाकूड उचलायला जाणाऱ्याला बॅटरी आणि बूट हवेतच, तेव्हा शेडमध्ये एक दिवा आधीच काढून घ्या.

सिल्व्हर ओक आणि निलगिरी तुमच्याकडे सहज मिळतात, नीट वाळवले की छान जळतात. बाभूळ मिळाली तर ती निखारा जास्त वेळ धरते. बिब्ब्याचं लाकूड घेऊ नका, त्याचा चीक अंगाला उतरतो. रंग दिलेली फळी आणि प्लायवूडही जाळू नका. आणि उभं झाड तोडायचं असेल तर आधी परवानगी.

परवानगीवरून आठवलं: महाबळेश्वर-पाचगणी परिसर 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि तिथे बांधकामावर बंधनं आहेत. पत्र्याचीच शेड आहे म्हणून गप्प राहू नका. खांब रोवायच्या आधी ग्रामपंचायतीत आणि तलाठ्याकडे विचारून घ्या.

शेड बांधताना बॉयलरचा वरचा मोकळा पाइप, ज्यातून वाफ बाहेर पडते, तो छपरात अडकतोय का ते बघा. त्याला कधीही बूच, व्हॉल्व्ह किंवा बारीक नळी लावू नका. तो बंद झाला की आत दाब वाढतो आणि टाकी फुटते, त्यात माणसं गेलेली आहेत. पाइप छपराबाहेर काढून तोंड खाली वळवा, म्हणजे पाणी उसळलं तरी कोणाच्या अंगावर येणार नाही. राख पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात भरून शेडबाहेर ठेवा. आतला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो, म्हणून पोत्यात किंवा प्लॅस्टिकच्या बादलीत राख भरू नका.

जागेचा उतार कोणत्या बाजूला आहे आणि घरापासून बॉयलर किती फुटांवर आहे ते लिहा. पन्हळीचं पाणी कुठून काढायचं आणि गरम पाण्याच्या पाइपाला किती जाडीचं वेष्टण लागेल, ते त्यावरून सांगता येईल.