कोरियात इंग्रजी शिकवायला जायचंय, पण कोणत्या व्हिसावर?

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक, राहणार नांदेड. मुलगी 25 वर्षांची, इंग्रजीत एम.ए., बी.एड. सध्या एका खासगी शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवते. कोरियात इंग्रजी शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकांचे व्हिडिओ ती रोज पाहते आणि तिलाही तेच करायचं आहे. एका एजंटने अडीच लाख रुपये मागितले आहेत. तो म्हणतो, आधी पर्यटक व्हिसावर पाठवतो, तिथल्या खासगी क्लासमध्ये लावून देतो, मग व्हिसा बदलून घेऊ. मुलगी तयार आहे, तिच्या आईच्या जिवाला घोर लागला आहे. तिथलं काम कसं असतं? शाकाहारी मुलीच्या जेवणाचं काय? एकटीने राहणं सुरक्षित आहे का? आणि पैसे द्यावेत का?

उत्तर :

गुरुजी, सप्रेम नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात निकडीचा, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. पैसे देऊ नका. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटकडे 1983 च्या उत्प्रवास कायद्याखालचा परवाना लागतो. तो परराष्ट्र मंत्रालय देतं आणि ई-मायग्रेट पोर्टलवर कोणालाही तपासता येतो. परवानाधारकालाही उमेदवाराकडून 30 हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. अडीच लाख हा आकडाच पुरेसं सांगून जातो. पण मी पैशांपेक्षा त्या ‘मग व्हिसा बदलून घेऊ’ला जास्त घाबरतो. पर्यटक व्हिसावर शिकवणं कोरियात बेकायदा आहे. पकडलं गेलं तर देशाबाहेर काढतात, पुन्हा येण्यावर बंदी घालतात. एजंट मात्र नांदेडात किंवा पुण्यात सुखरूप असतो. शिवाय त्याने ज्या क्लासमधली नोकरी दाखवली आहे, ती भारतीय पासपोर्टवर मिळतच नाही. हे तुमच्या मुलीला कोणी सांगितलेलं दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ती जे व्हिडिओ पाहते ते खोटे नाहीत. त्यातला शिक्षक ई-2 नावाच्या व्हिसावर असतो. हा व्हिसा इंग्रजीसाठी सात देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. कोणत्याही विषयाची पदवी, स्वच्छ पोलीस दाखला आणि त्या देशाचा पासपोर्ट असला की खासगी क्लासचं दार उघडतं. म्हणजे अमेरिकेतला इतिहासाचा पदवीधर, ज्याने आयुष्यात वर्गात पाऊल ठेवलेलं नाही, तो पात्र. आणि तुमची एम.ए. बी.एड. झालेली, रोज पन्नास मुलं सांभाळणारी मुलगी अपात्र. यावर चिडायचा तिला पूर्ण हक्क आहे. मात्र चिडून नियम बदलत नाही. अमेरिकी किंवा ब्रिटिश नागरिकत्व घेतलेल्या मराठी घरांतल्या मुलांना हाच रस्ता खुला असतो, त्यामुळे ‘आमच्या ओळखीतला एक जण गेला की’ असं कोणी सांगितलं तर आधी त्याचा पासपोर्ट कोणता ते विचारा.

भारतीयांसाठी एक वेगळी, अरुंद वाट आहे. भारत आणि कोरियातला सर्वंकष आर्थिक भागीदारी करार, सीईपीए, 1 जानेवारी 2010 पासून लागू झाला. त्यात भारतीयांना कोरियातल्या प्राथमिक आणि माध्यमिक शाळांत साहाय्यक इंग्रजी शिक्षक म्हणून काम करण्याची तरतूद आहे. त्यासाठी पदवी हवी आणि इंग्रजी शिकवण्याची अधिकृत पात्रता हवी, म्हणजे आपलं बी.एड. इथे पहिल्यांदाच तुमच्या मुलीचं शिक्षण तिच्या बाजूने उभं राहतं. पण कागदावर वाट असणं आणि त्या वाटेने कोणी बोलावणं यात फरक आहे. या तरतुदीचा फायदा मिळालेले भारतीय फार थोडे आहेत. शाळांची नेमणूक प्रांतांची शिक्षण कार्यालयं करतात, त्यांना सात देशांतून उमेदवार मिळतात, आणि कोरियात मुलांची संख्या झपाट्याने घटते आहे. 2023 मध्ये तिथला जननदर 0.72 होता, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी एकही मूल नाही; जगात सगळ्यात कमी म्हणावा असा. गावाकडच्या शाळा बंद होत आहेत. तेव्हा या वाटेने जरूर प्रयत्न करा, पण सगळा भरवसा तिच्यावर ठेवू नका.

आता काम कसं असतं ते. इथे दोन वेगळे संसार आहेत आणि व्हिडिओत ते एकमेकांत मिसळून जातात.

खासगी क्लासला तिथे हाग्वोन म्हणतात. लातूर-नांदेडची क्लासेसची गल्ली तुम्ही जवळून पाहिली आहे; तीच दुसरी-तिसरीच्या मुलांपर्यंत खाली आणली की हाग्वोन समजतो. सोलच्या गंगनम भागात देची-दोंग नावाची वस्ती अशा क्लासेससाठीच प्रसिद्ध आहे. मुलं शाळा सुटल्यावर येतात, त्यामुळे शिक्षकाचं काम दुपारी सुरू होऊन रात्री संपतं. सोलमध्ये रात्री दहानंतर क्लास चालवायला बंदी आहे, आणि ती घालावी लागली यातच सगळं आलं. या क्लासेसचा करार सहसा वर्षाचा असतो. कायद्याने वर्ष पूर्ण झालं की एक महिन्याचा पगार निवृत्तीभत्ता म्हणून द्यावा लागतो, म्हणून काही मालक अकराव्या महिन्यात खुसपट काढून शिक्षकाला घरी पाठवतात. व्हिसा मालकाशी बांधलेला, घर बहुधा मालकाने दिलेलं. नोकरी गेली की दोन्ही धोक्यात. सात देशांच्या पासपोर्टवाल्यांचीही ही अवस्था होते. तुमच्या मुलीला तर बेकायदा असल्यामुळे तक्रार करायचंसुद्धा धाडस होणार नाही.

सरकारी शाळेतलं काम निवांत, पण त्याचीही एक तऱ्हा आहे. सकाळी साडेआठ ते दुपारी साडेचार, आठवड्याला सुमारे 22 तास वर्गात. प्राथमिकचा तास 40 मिनिटांचा, माध्यमिकचा 45. इंग्रजी तिसरीपासून सुरू होतं. वर्गात परदेशी शिक्षक एकटा नसतो, सोबत कोरियन इंग्रजी शिक्षक असतो. अभ्यासक्रम, गुण, पालकांशी बोलणं हे सगळं त्याच्याकडे. परदेशी शिक्षकाने उच्चार घ्यायचे, संवाद करून घ्यायचे, खेळ घ्यायचे. सोबतचा शिक्षक चांगला मिळाला तर वर्ष मजेत जातं, नाही मिळाला तर टेपरेकॉर्डरसारखं वाक्य म्हणून बाजूला उभं राहायचं. तास नसेल तरी खुर्चीत बसून राहावं लागतं, अगदी सुट्टीत शाळा रिकामी असतानाही. तुम्ही स्वतः शिक्षक आहात. ज्याला वर्ग आपला वाटतो, अशा माणसाला ही दुय्यम भूमिका किती दिवस मानवेल, याचा विचार तुम्हीच तिच्याशी बोलून करू शकता.

पगाराचा आकडा इथे बसून मोठा दिसतो. सुरुवातीला साधारण 22 ते 26 लाख वॉन महिना, म्हणजे आपले सव्वा ते दीड लाख रुपये. शाळा घर देते किंवा भाड्यापोटी भत्ता. एकट्या, साध्या राहणाऱ्या मुलीला यातून चांगली शिल्लक पडते. पण फळं आणि भाज्या तिथे महाग आहेत, आणि फावल्या वेळात शिकवण्या घेऊन वरकमाई करायची सोय नाही. परवानगीशिवाय ती या व्हिसावर बेकायदाच. पगारवाढीची शिडीही फार उंच नाही. दर वर्षी करार नवा, आणि पस्तिशीत पोचल्यावर पदनाम तेच : साहाय्यक शिक्षक.

जेवणाबद्दल आईंना खरं तेच सांगतो. शाळेत दुपारचं जेवण सगळे एकत्र घेतात : भात, सूप, किमची म्हणजे आंबवलेली तिखट कोबी, दोन-तीन पदार्थ. भात रोज आहे, पण सूप बहुधा माशाच्या किंवा मांसाच्या पाण्यावरचं, आणि किमचीतसुद्धा आंबवलेली कोळंबी किंवा मासळी असते. ‘मांस काढून द्या’ एवढं सांगून आपल्याकडचा शाकाहार जमत नाही. तिथे राहणारे शाकाहारी लोक डबा नेतात, घरी कुकर लावतात, डाळी-मसाले ऑनलाइन किंवा सोलच्या इतेवॉन भागातल्या दुकानांतून मागवतात. उपाशी कोणी राहत नाही. मात्र ताटातलं बाजूला काढून ठेवणारी म्हणून ती रोज सहकाऱ्यांच्या नजरेत राहील, आणि शाळा सुटल्यावरच्या सामूहिक जेवणात, जिथे मांस भाजत गप्पा होतात, तिथेही. हे तिला चालणार आहे का, हे तिला विचारा. आईंना विचारून उपयोग नाही.

राहणं म्हणजे बहुतेक एका खोलीचं घर. स्वयंपाकाचा ओटा, कपडे धुण्याचं यंत्र आणि पलंग सगळं त्यातच. थंडीत सोलचं तापमान शून्याच्या दहा अंश खाली जातं, पण फरशीखालून ऊब येते, त्यामुळे घरात आपल्याकडच्या डिसेंबरपेक्षा जास्त उबदार वाटतं. कचऱ्यासाठी ठरावीक पिशव्या विकत घ्याव्या लागतात, उष्टं-खरकटं वेगळं. चुकीच्या पिशवीत टाकलं की शेजारची आजी दार वाजवते, असं तिथून आलेली मुलं हसत सांगतात. गूगलच्या नकाशापेक्षा नेव्हर या कोरियन कंपनीचा नकाशा कामाला येतो. बँक, फोन, दवाखाना, सगळ्यासाठी परदेशी नागरिकाचं ओळखपत्र लागतं. ते हाती येईपर्यंतचे पहिले काही आठवडे सगळ्यात चिडचिडीचे.

सुरक्षिततेची काळजी तुम्ही करताय ती रास्त, पण रात्री अकराला मुली एकट्या बसने घरी जातात, त्याचं तिथे कोणाला काही वाटत नाही. छुप्या कॅमेऱ्यांचे गुन्हे ही मात्र तिथली खरी समस्या आहे आणि बायका त्याबद्दल रस्त्यावर उतरल्या आहेत. मला विचाराल तर मुलीला त्रास होईल तो एकटेपणाचा. गावाकडच्या शाळेत नेमणूक झाली तर इंग्रजीत बोलायला तो एक सहशिक्षक, बाकी सगळं कोरियनमध्ये. आणि इंग्रजी शिक्षक म्हटलं की गोरा चेहरा डोळ्यासमोर येणारे पालक आजही आहेत. अर्जासोबत फोटो मागितला जातो, तो उगाच नाही. दक्षिण आफ्रिकेचे आणि अमेरिकेचे काळे शिक्षक हे उघडपणे बोलतात. तिने हे आधी माहीत करून घेऊन जावं.

एवढं वाचून ती हिरमुसेल, म्हणून तिच्यासाठी एक प्रश्न. तुला शिकवायचं आहे, की कोरियात राहायचं आहे? तुझ्या वडिलांच्या पत्रातून मला दुसरं जास्त ऐकू आलं. शिकवायचंच असेल तर बी.एड.च्या जोरावर इथल्या चांगल्या सीबीएसई किंवा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळांत पाच वर्षांत तू कोरियातल्या साहाय्यक शिक्षकापेक्षा पुढे असशील. पुणे-मुंबईत अर्ज कर, नांदेडात अडकून राहू नकोस. हा रस्ता मला सगळ्यात पक्का वाटतो, पण तुझं मन तिथे नसेल तर जबरदस्ती नाही.

कोरियात राहायचं असेल तर इंग्रजी बाजूला ठेव आणि कोरियन हाती घे. ते तुझ्या बाबतीत पासपोर्टवर अवलंबून नाही. किंग सेजाँग इन्स्टिट्यूटचे ऑनलाइन वर्ग आहेत. टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेच्या सहा पातळ्या असतात. तिसरी-चौथी गाठलीस की दारं दिसायला लागतात. त्यातलं पहिलं दार आपल्याच राज्यात आहे. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतला, रायगडातल्या माणगावजवळ पोस्को या कोरियन कंपनीचा पोलाद कारखाना आहे. कोरियन साहेब आणि मराठी कामगार यांच्यामध्ये उभं राहून दोन्हीकडचं नीट समजावणारी माणसं तिथे लागतात, आणि इंग्रजीची एम.ए. तुझ्याकडे आधीच आहे. शिक्षक माणूस दुभाषा म्हणून चांगला असतो, समजावण्याची सवय असते.

दुसरं दार म्हणजे कोरिया सरकारची ग्लोबल कोरिया स्कॉलरशिप. पदव्युत्तर शिक्षणासाठी वयाची अट 40 पेक्षा कमी. विमानभाडं, शुल्क, महिन्याचा भत्ता आणि सुरुवातीला एक वर्ष कोरियन भाषेचं शिक्षण, सगळं त्यात येतं. कोरियन भाषा शिक्षण किंवा इंग्रजी अध्यापन असे विषय घेता येतात. अट एकच जड आहे : 80 टक्के किंवा त्याला समकक्ष गुण. आपल्या विद्यापीठांत कला शाखेला इतके गुण क्वचितच पडतात, त्यामुळे आधी तुझं गुणपत्रक काढून श्रेणीचं रूपांतर कसं होतं ते विद्यापीठाकडून लिहून घे. पदव्युत्तरचे अर्ज साधारण फेब्रुवारीत सुरू होतात.

गुरुजी, सीईपीएच्या वाटेसाठी मुंबईतल्या कोरियन महावाणिज्य दूतावासाला मुलीने स्वतः ईमेल करावा. त्यात एवढंच विचारावं : भारतीय नागरिक, इंग्रजीत एम.ए., बी.एड.; या करारातल्या साहाय्यक शिक्षक तरतुदीखाली सध्या कोणतं शिक्षण कार्यालय अर्ज घेत आहे का? उत्तर होकारार्थी आलं तर पदवी आणि बी.एड. प्रमाणपत्राला अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा यासाठीचं सरकारी प्रमाणीकरण, लागेल, ते राज्य सरकारच्या पडताळणीनंतर परराष्ट्र मंत्रालयाकडून होतं आणि त्याला वेळ लागतो, म्हणून ते आधी सुरू करावं. पासपोर्ट कार्यालयाचा पोलीस दाखला मात्र घाईने काढू नका, सहा महिन्यांपेक्षा जुना झाला की पुन्हा काढावा लागतो. नियुक्तीपत्र हातात आल्यावरच काढा.