खेळ बंद केला तर अभ्यास करेल का?

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. अभ्यासाचं नाव काढलं की चिडतो, वर्गात गप्प मागच्या बाकावर बसतो आणि सारखं एकच, 'मला नाही जमत.' क्रिकेट मात्र तासन् तास! घरातले म्हणतात परीक्षेपर्यंत खेळ बंद कर, मैत्रीण म्हणते खेळामुळेच अशी मुलं सुधारतात. मी काय करू?
– एक आई

उत्तर : ताई, खेळ बंद करू नका. 'मला जमतं' असं त्याला जिथे वाटतं ती बहुतेक एकच जागा उरलीय, तीही काढून घेतलीत तर तो पुस्तक उघडेल असं थोडंच आहे, मोबाइल उघडेल.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलं होतं की 'हे मला जमेल' हा भरवसा सगळ्यात जास्त येतो तो स्वतः करून जमल्यावर, दुसऱ्याला जमताना बघून किंवा कुणी धीर दिल्यावरही येतो पण कमी. म्हणून 'तू हुशार आहेस रे' असं आपण कितीही म्हटलं तरी ते त्याच्या डोक्यावरून जातं.

पण मैत्रिणीचंही पूर्ण खरं नाही हां. नुसतं ग्राउंडवर सोडलं म्हणून गणित सुधारत नाही, मधला धागा कुणीतरी जोडून द्यावा लागतो. समजा आधी तो यॉर्करवर हमखास बोल्ड व्हायचा आणि आता अडवतो, तर सहज विचारा, काय बदललंस? तो सांगेल की बॅट लवकर खाली आणतो, मित्राला तोच बॉल पुन्हा पुन्हा टाकायला लावला वगैरे. मग दोन दिवसांनी बीजगणिताची वही काढून एवढंच म्हणायचं, यात तू नेमका कुठल्या स्टेपला आउट होतोस ते बघू. लेक्चर नको, प्लीज! आणि ४५ बॉलमध्ये ५४ रन म्हणजे स्ट्राइक रेट (दर शंभर बॉलमागे रन) १२० हे जो पोरगा तोंडी सांगतो त्याला शेकडेवारी येत नाही असं कसं, येते की, पेपरवर दिसली की घाबरतो.

कोच कसा आहे तेही एकदा जाऊन बघा. अमेरिकेत स्मिथ आणि स्मॉल या दोघांनी मुलांच्या बेसबॉल कोचना ट्रेनिंग दिलं, चांगलं केलं की लगेच सांगा, चुकलं तर धीर देऊन कसं सुधारायचं ते दाखवा, ओरडू नका, एवढंच. १९९२ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात अशा कोचकडची फक्त ५ टक्के मुलं पुढच्या सीझनला गळाली, ट्रेनिंग न मिळालेल्यांकडची २६ टक्के. कोच सगळ्यांसमोर अपमान करणारा असेल तर सरळ बदला. (आणि मॅचवरून आल्या आल्या 'किती रन केलेस?' हे आपणही विचारायचं नाही.)

वेळेचं म्हणाल तर या वयात रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवीच, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यामुळे तेवढा तास परीक्षेतही ठेवा. बाकीचे तास कमी करायचे तर त्याच्याशी बसून ठरवा, आणि मार्क कमी पडले म्हणून बॅट कपाटात असला प्रकार नको. मात्र उद्या खेळही नकोसा झाला, झोप-जेवण बिघडलं, तर वाट न बघता काउन्सेलरला भेटा.