आधी ओडिसी, मग बाकीचं
ग्रीक-रोमन कादंबऱ्या वाचायच्यात ना, मग डायरेक्ट हेलिओडोरससारख्या ग्रीक कादंबरीकाराला हात घालू नकोस, आधी होमरची ओडिसी वाचून काढ, कारण ही मंडळी तिथून बिनधास्त उचलतात, आणि चोरून नाही हां, वाचकाने ओळखावं म्हणूनच. खारिटॉन हा दुसरा ग्रीक कादंबरीकार तर मधेच होमरच्या ओळीच टाकतो. पण खरी धमाल रोमन लेखक पेट्रोनियसच्या ‘सॅटिरिकॉन’मध्ये. ओडिसीत म्हातारी दाई पाय धुताना मांडीवरच्या व्रणावरून नायक ओडिसियसला ओळखते, तर इथे लिखास हा जहाजाचा मालक कथेचा नायक-निवेदक एनकॉल्पियसचा चेहरासुद्धा बघत नाही, सरळ कमरेखाली हात घालतो आणि ओळखतो! वर निवेदक स्वतःच त्या दाईची आठवण काढतो. मूळ सीन माहीत नसेल तर हे नुसतं पाचकळ वाटणार. अनुवाद घेशील तो तळटीपा असलेलाच घे.