‘अहवाल स्वीकारला’ म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न असा आहे : एका बातमीत ‘समितीचा अहवाल सरकारने स्वीकारला’ असं येतं आणि काही दिवसांनी ‘शिफारशींवर अद्याप निर्णय नाही’ असं छापून येतं. मग स्वीकारला म्हणजे काय केलं? आणि ‘सादर केला’, ‘पटलावर ठेवला’ हे त्याचेच पर्याय आहेत का?

पर्याय नाहीत. घोटाळा ‘स्वीकारणे’ या क्रियापदात आहे. त्याला मराठीत दोन अर्थ आहेत : हातात घेणे आणि मान्य करणे. मंत्र्यांनी निवेदन स्वीकारलं, म्हणजे कागद हातात घेतला. मागणी मान्य झाली असं कुणी समजत नाही. राजीनामा स्वीकारला, म्हणजे मात्र तो मंजूर झाला. नुसता हातात घेतलेला राजीनामा ‘मिळाला’ असतो. अहवाल या दोहोंच्या मधे लोंबकळतो. अध्यक्ष मुख्यमंत्र्यांच्या हाती जाडजूड खंड देत असल्याच्या छायाचित्राखाली ‘स्वीकारताना’ लिहिलं तर चूक नाही. तोच शब्द मथळ्यात गेला की वाचक ‘शिफारशी मान्य’ असा अर्थ घेतो. म्हणून लिहिताना पहिल्या अर्थी ‘अहवाल सुपूर्द केला’ किंवा ‘सरकारला मिळाला’ आणि दुसऱ्या अर्थी ‘शिफारशी मान्य केल्या’ असं लिहावं. मान्यता मुळात शिफारशींना मिळते, आणि ती सगळ्यांना मिळेलच असंही नाही. ‘अंशतः मान्य’ आणि ‘तत्त्वतः मान्य’ यांतही अंतर आहे. अंशतः म्हणजे काही शिफारशी घेतल्या, काही सोडल्या. तत्त्वतः म्हणजे विचार पटला, पण अंमलबजावणी, पैसा आणि मुदत यांबद्दल अजून काहीच ठरलेलं नाही. बातमी लिहिताना ‘तत्त्वतः’ हा शब्द गाळणं ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी काटछाट आहे.

‘सादर’ म्हणजे स + आदर, आदरपूर्वक. त्यामुळे या शब्दाला खालून वर अशी दिशा आहे : समिती सरकारला अहवाल सादर करते, लिपिक वरिष्ठांकडे नस्ती (फाइल) सादर करतो. सरकार तोच अहवाल विधिमंडळापुढे आणतं तेव्हा नेमका शब्द ‘सभागृहाच्या पटलावर ठेवणे’. नेत्रपटल, मेघपटल यांतला पटल म्हणजे पडदा, थर. इथला पटल म्हणजे टेबल. अहवाल पटलावर आला की तो सभागृहाच्या कागदपत्रांत जातो. मान्यतेचा इथेही संबंध नाही. मुंबईतल्या 1992-93 च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल 1998 मध्ये विधिमंडळात मांडला गेला, पण तेव्हाच्या सरकारने त्याचे निष्कर्ष नाकारले.

पटलावर ठेवणं प्रत्येक अहवालाला बंधनकारक आहे का? नाही. चौकशी आयोग अधिनियम, 1952 खाली नेमलेल्या आयोगाचा अहवाल, केलेल्या कार्यवाहीच्या ज्ञापनासह (म्हणजे लेखी टिपणासह), सादर झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत सभागृहापुढे ठेवावा लागतो. ही मुदत ठेवण्याची आहे, शिफारशी मानण्याची नाही. सरकारी आदेशाने नेमलेल्या साध्या समितीला हे कलम लागू होत नाही. पश्चिम घाटाविषयीच्या माधव गाडगीळ समितीने 2011 मध्ये अहवाल दिला. तो लोकांसमोर आला 2012 मध्ये, तोही माहिती अधिकाराची लढाई झाल्यावर. म्हणून बातमीत ‘आयोग’ आहे की ‘समिती’, आणि ती कोणत्या कायद्याखाली नेमली, हे आधी बघावं.

तिन्ही टप्पे एकाच अहवालात वेगवेगळे दिसतात ते मंडल आयोगाच्या. राष्ट्रपतींना सादर डिसेंबर 1980 मध्ये, संसदेपुढे 1982 मध्ये, आणि केंद्रीय नोकऱ्यांत इतर मागासवर्गीयांना 27 टक्के आरक्षणाची घोषणा ऑगस्ट 1990 मध्ये. ‘स्वीकारला’ हे एकच क्रियापद वापरलं तर यातली कोणती तारीख सांगायची?

महाराष्ट्रात शिफारस खरंच मान्य झाली का हे तपासायचं तर शासन निर्णय, म्हणजे सरकारचा लेखी आदेश (जीआर), उघडावा. वर ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ याखाली अहवालाचा किंवा समिती नेमल्याच्या आदेशाचा उल्लेख सापडतो. ‘प्रस्तावना’ बहुधा ‘ही बाब शासनाच्या विचाराधीन होती’ अशी संपते. इथेच थांबून निष्कर्ष काढला की फसगत होते. खालच्या ‘शासन निर्णय’ या मथळ्याखाली ‘मान्यता देण्यात येत आहे’ आहे, की अहवाल अभ्यासायला आणखी एक समिती नेमली आहे, ते वाचावं. दुसरा प्रकार वरचेवर दिसतो.

काहीच झालं नाही तर कचेरीत ‘दप्तरी दाखल’ असा शेरा पडतो, म्हणजे पुढे कार्यवाही नाही, कागद जपून ठेवा. लोक त्यालाच ‘बासनात गुंडाळला’ म्हणतात. बासन म्हणजे दप्तर बांधायचं फडकं.

जाता जाता : अहवाल हा अरबीत ‘हाल’चं अनेकवचन, म्हणजे ‘स्थिती’चं ‘परिस्थिती’. मराठीत मात्र तो पुल्लिंगी एकवचनी, आणि अनेकवचनातही रूप बदलत नाही : एक अहवाल आला, चार अहवाल आले. ‘शिफारस’चं अनेकवचन शिफारशी, ‘शिफारसी’ लिहू नये.