आकड्यात कोण कोण मोजलंय?

प्रश्न : ताई, माझी मुलगी शिकायला अमेरिकेत गेली आहे. ती गेल्यापासून आमच्या घरच्या ग्रुपवर रोज काहीतरी येतं. एक जण लिहितो, २०२१ साली तिथे जवळपास ६९० सामूहिक गोळीबार झाले. दुसरा म्हणतो, छे, फक्त ६१. तिसरा सांगतो, त्या वर्षी ४८,८३० माणसं बंदुकीनं मेली. माझे दीर म्हणतात, ‘ते सगळं शिकागोच्या टोळ्यांचं, आपल्या पोरीला काय त्याचं!’ मला रात्री झोप लागत नाही. यातलं खरं काय मानू? — एक आई

उत्तर : ग्रुपवरचे तिन्ही आकडे खरे आहेत, पण त्यांत वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत. ६९०च्या आसपासचा आकडा ‘गन व्हायोलन्स आर्काइव्ह’ या संस्थेचा. हल्लेखोर सोडून चार किंवा जास्त माणसांना गोळी लागली, की ती घटना त्यांच्या यादीत जाते, मग कोणी दगावलेलं असो वा नसो. ६१ हा एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेचा आकडा. गर्दीच्या जागी माणसं मारत सुटलेला बंदूकधारी, एवढंच त्यात येतं. टोळ्यांची भांडणं त्यात धरत नाहीत.

तिसऱ्या आकड्यावर मात्र मला जास्त बोलायचंय. अमेरिकेत अठरा वर्षं मी एका काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) आरोग्य खात्यात मृत्यूचे दाखले तपासत होते. दाखल्यावर मृत्यू कसा घडला याचा एक रकाना असतो : नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, खून, की ठरवता न आलेला. नोकरीला लागले तेव्हा माझीही समजूत तुमच्या दिरांसारखीच होती. बंदूक म्हणजे खून. पहिल्याच हिवाळ्यात ती गळून पडली. बंदुकीचा दाखला हातात आला की त्या रकान्यात बहुतेक वेळा ‘आत्महत्या’ असायचं. एकटे राहणारे म्हातारे, नोकरी गेलेले बापे, आणि कधीकधी जन्मतारीख पाहून मला खुर्चीतून उठून बाहेर जावं लागायचं, अशी मुलं.

देशाचा हिशेबही तोच. २०२१च्या ४८,८३० मृत्यूंपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या, म्हणजे शंभरातल्या चौपन्न. खून २०,९५८. उरलेल्यांत अपघात, पोलिसांच्या गोळीनं झालेले मृत्यू आणि निकाल न लागलेली प्रकरणं. सामूहिक गोळीबारात गेलेली माणसं या ढिगात फार थोडी, पण बातम्यांत तीच दिसतात.

शिकागोचं म्हणाल, तर तिथलं दुःख खोटं नाही. पण शिकागो ज्या इलिनॉयमध्ये आहे, त्याच्या दुपटीहून जास्त बंदूक-मृत्यूंचा दर त्या वर्षी मिसिसिपी राज्याचा होता : लाख लोकांमागे ३३.९. मॅसॅच्युसेट्सचा ३.४. एकाच देशात दहापट फरक! म्हणून मुलगी कुठल्या राज्यात आहे हे कळल्याशिवाय ‘अमेरिकेत’ म्हणून घाबरण्यात अर्थ नाही. वायोमिंगसारख्या विरळ वस्तीच्या राज्याचा दरही इलिनॉयपेक्षा वरचा होता, आणि तिथले बहुतेक मृत्यू आत्महत्यांचे.

आणखी एक. २०२१चा मृत्यूंचा आकडा तोवरचा सगळ्यात मोठा होता, हे खरं. पण देशाचा मृत्युदर लाखामागे साधारण १४.६ होता आणि १९७४ साली तो १६.३ होता. लोकसंख्या वाढली की नुसता आकडा वाढतोच. याचा अर्थ चिंता सोडा असा नाही. २०१९ नंतर दोनच वर्षांत ही मृत्युसंख्या झपाट्यानं चढली, ते मी माझ्या टेबलावर पाहिलं.

आता तुमच्या मुलीचं. ती राहते त्या घरात, किंवा जिच्याकडे सुट्टीत जाते त्या मैत्रिणीच्या घरात बंदूक आहे का, असेल तर कुलपात आहे का, गोळ्या वेगळ्या ठेवल्यात का, हे तिनं सरळ विचारावं. तिथे हे विचारणं उद्धटपणा नाही, लहान मुलांचे अनेक आईबाप विचारतात. घरात हाताशी बंदूक असेल, तर निराशेच्या एका रात्रीतून परत फिरायला वेळच उरत नाही. असे दाखले मी फार पाहिलेत. ९८८ हा क्रमांक तिच्या फोनमध्ये असू द्या. अमेरिकेत कुठूनही तो लावला की मनानं खचलेल्या माणसाशी बोलायला कोणीतरी असतं. आणि रविवारी फोन झाला की ग्रुपवरचं काही सांगू नका. झोप लागते का, कोणाबरोबर जेवते, कोणी मैत्रीण झाली का, ते विचारा. उत्तर तुटक आलं, तर सोमवारी पुन्हा फोन करा.